चॉकलेट कशाचे होते

चॉकलेट म्हणजे कोकोच्या आंबवलेल्या, वाळवलेल्या आणि भाजलेल्या बियांचा साखरेसह अतिशय बारीक वाटलेला लगदा, थंड करून घट्ट केलेला. मराठी घरांत हा शब्द याहून कितीतरी सैल वापरला जातो. ‘गोळ्या-चॉकलेटं’ म्हटले की त्यात लिमलेटची गोळी येते, टॉफी येते, आणि दुकानदार सुट्ट्या रुपयाऐवजी हातावर ठेवतो तेही चॉकलेटच. यातल्या पुष्कळशा पदार्थांत कोकोचा कणही नसतो. म्हणून घटकांचा विचार करताना पहिला प्रश्न हाच येतो, की कोको किती आणि कोणत्या रूपात असला म्हणजे पदार्थाला चॉकलेट म्हणायचे. युरोपात या प्रश्नावर तीस वर्षे वाद चालला, आणि त्यातून निघालेल्या कायद्यात कोकणातल्या कोकमाचे नाव लिहिलेले आहे. पण तिथवर जाण्याआधी झाडापासून सुरुवात करावी लागते. चॉकलेटची चव जितकी कारखान्यात ठरते तितकीच बागेत ठरते.

कोकोचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले. लिनियसने १७५३ साली त्याला थिओब्रोमा ककाओ हे नाव दिले. थिओब्रोमाचा ग्रीक अर्थ देवांचे अन्न. भेंडी, कापूस आणि जास्वंद ज्या कुळातली आहेत त्याच कुळात आजचे वनस्पतिशास्त्र कोकोला धरते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे वीस अंशांपर्यंतच ते नीट वाढते. उष्ण दमट हवा, भरपूर पाऊस आणि डोक्यावर सावली, एवढे त्याला लागते. फणसाप्रमाणे कोकोही खोडालाच धरतो. फुले थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर उमलतात. फूल जेमतेम दीड सेंटिमीटरचे. त्याचे परागीभवन करणारी चिलटे इतकी बारीक असतात की सहसा दिसतही नाहीत, आणि ती वाढतात कुजणाऱ्या ओल्या पाचोळ्यात. त्यामुळे कोकोच्या बागेत पाचोळा राहू देणे फायद्याचे असते. वर्षाकाठी झाडावर हजारो फुले येतात, पण शंभरातली एक ते पाचच फळ धरतात.

फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. लांबट, उभ्या खाचांचे, जातीप्रमाणे पिवळे किंवा तांबूस झालेले फळ लाकडी दांडक्याने फोडले की आत पांढऱ्या, बुळबुळीत गरात गुंडाळलेल्या तीस-चाळीस बिया दाटीने बसलेल्या दिसतात. हा गर आंबटगोड असतो आणि सीताफळासारखा बियांवरून चोखून खाता येतो. बी मात्र दाताखाली फोडली तर आतून जांभळी निघते, कडू आणि तुरट लागते. तिला चॉकलेटचा वास नसतो. बियांतले पाणी गेल्यावर उरणारा माल थोडाच असतो. एक किलो वाळलेल्या बियांसाठी साधारण पंचवीस फळे फोडावी लागतात.

कोकोच्या जाती सांगताना जुनी पुस्तके तीन नावे देतात: नाजूक पण सुवासिक क्रिओलो, काटक आणि भरघोस फोरास्टेरो, आणि या दोन्हींच्या संकरातून त्रिनिदाद बेटावर तयार झालेला त्रिनितारिओ. जगातला बहुतेक कोको फोरास्टेरो गटातला असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र कोकोचे दहा वेगळे गट दाखवून दिले. तेव्हापासून ही तीन नावे शास्त्रापेक्षा व्यापाराच्या भाषेतच अधिक उरली आहेत.

माणसाने कोको केव्हापासून वापरला याचा सर्वांत जुना पुरावा आज इक्वेडोरच्या आग्नेय भागातला आहे. सांता आना-ला फ्लोरिडा येथे सापडलेल्या मातीच्या आणि दगडी भांड्यांत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या कोकोच्या खुणा मिळाल्या, आणि २०१८ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्यानंतर पुष्कळ काळाने, मध्य अमेरिकेत माया आणि अझ्टेक लोकांनी कोकोला मानाचे स्थान दिले. ते कोको खात नसत, पीत असत. भाजलेल्या बिया दगडावर वाटायच्या, पाण्यात कालवायच्या, मिरची, मका किंवा व्हॅनिला घालायची आणि उंचावरून ओतून फेस आणायचा. बियांचा चलन म्हणूनही उपयोग होई. सोळाव्या शतकात हे पेय स्पेनमध्ये गेले आणि तिथे त्यात साखर पडली. साखर हा चॉकलेटचा मूळ घटक नव्हे, तो युरोपातून मिळालेला आहे; आणि आज बाजारातल्या बहुतेक चॉकलेटांत वजनाने सर्वांत जास्त तीच असते.

कडू-तुरट बीला चॉकलेटची चव कशी येते याचे उत्तर आंबवण्यात आहे. घटकांच्या यादीत ही क्रिया कुठेच छापलेली नसते, तरी चवीच्या दृष्टीने तिच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. गरासकट ओल्या बियांचा ढीग केळीच्या पानांवर घालून झाकतात, किंवा तळाला भोके असलेल्या लाकडी खोक्यांत भरतात. पहिल्या दिवशी यीस्टचे राज्य असते. गरातल्या साखरेचे मद्य होते, गर सुटून पाणी होऊन खाली निथळतो. मग लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात, दह्यात असतात तशा जातीचे. ढीग वरखाली केला की आत हवा शिरते आणि ॲसिटिक आम्लाचे जिवाणू मद्याचा शिरका करायला लागतात. या क्रियेत इतकी उष्णता निघते की ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंशांवर जाते. खोक्याजवळ उभे राहिले की नाकाला शिरक्याचा झणका बसतो आणि हात आत घातला तर चटका जाणवतो.

आम्ल आणि उष्णता यांमुळे बीतला अंकुर मरतो. तोवर वेगवेगळ्या कप्प्यांत असलेले पदार्थ एकमेकांत मिसळतात. प्रथिनांचे तुकडे होऊन अमिनो आम्ले सुटतात, उसाच्या साखरेसारखी साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, तुरटपणा देणारी पॉलिफेनॉल हवेशी संयोग पावून निवळतात आणि जांभळा रंग तपकिरीकडे वळतो. पुढे भाजताना हीच अमिनो आम्ले आणि साध्या साखरा एकमेकांशी क्रिया करून चॉकलेटचा परिचित वास तयार करतात. न आंबवलेली बी कितीही कौशल्याने भाजली तरी तो वास येत नाही, कारण त्याचा कच्चा मालच तिच्यात नसतो. साधारण पाच ते सात दिवस हे चालते. क्रिओलोला दोन-तीन दिवस पुरतात. कमी आंबवले तर बी करड्या पाटीसारखी आणि कडू राहते, जास्त आंबवले तर कुजका वास धरते. माल घेणारे जाणकार मूठभर बिया उभ्या चिरून आतला रंग पाहतात. पाटीच्या रंगाच्या आणि जांभळ्या बिया किती, तपकिरी किती, यावर दर्जा ठरतो.

त्यानंतर बिया उन्हात सुमारे आठवडाभर वाळवतात, ओलावा सात टक्क्यांवर येईपर्यंत. ओलावा जास्त राहिला तर बुरशी लागते. पावसाळी प्रदेशात लाकडाच्या धुरावर बिया वाळवल्या तर तो धूर चॉकलेटमध्ये शेवटपर्यंत टिकतो आणि कोणत्याही प्रक्रियेने निघत नाही.

कारखान्यात बिया भाजतात, भरडतात आणि पाखडून टरफले काढतात. उरलेल्या डाळीला निब म्हणतात. निबांत निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे ५० ते ५५ टक्के स्निग्धांश असतो. त्यामुळे ती वाटली की शेंगदाण्याच्या कुटाला तेल सुटावे तसे घर्षणाच्या उष्णतेने पातळ, गडद लगद्यात रूपांतर होते. हा कोको मास, म्हणजेच वेष्टनावर लिहिलेले कोको लिकर किंवा कोको सॉलिड्स. लिकर या शब्दाचा मद्याशी काही संबंध नाही. मासावर दाब दिला की त्यातून फिकट पिवळे कोको बटर निघते आणि मागे पेंड राहते. ती पेंड दळली की कोको पावडर. दाबाने स्निग्धांश काढण्याचे यंत्र ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हौटेन पिता-पुत्रांनी आणले, त्याचे पेटंट १८२८चे. पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करण्याची डच पद्धतही त्याच घराण्याची.

या दोन पावडरींतला फरक घरी केक करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. साधी कोको पावडर आम्लधर्मी असते, तिच्याबरोबर खायचा सोडा काम करतो आणि केक फुगतो. अल्कलीवर प्रक्रिया केलेली डच पावडर गडद आणि सौम्य असते, पण तिच्यातले आम्ल आधीच निवलेले असते. तिच्याबरोबर नुसता सोडा घातला तर केक बसतो आणि साबणासारखी चव येते. तिथे बेकिंग पावडर लागते.

कोको बटर वेगळे निघू लागल्यावर ते जास्तीचे उपलब्ध झाले, आणि ते साखर घातलेल्या कोको मासमध्ये परत मिसळले तर मिश्रण साच्यात ओतता येते, हे लक्षात आले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने १८४७ साली अशी खाण्याची वडी केली. तोवरचा इतिहास पेयाचा, त्यानंतरचा वडीचा. हा बदल एका घटकामुळे झाला, म्हणून कोको बटरकडे जरा थांबून पाहायला हवे.

कोको बटर साध्या तापमानाला कडक आणि ठिसूळ असते, आणि तोंडाच्या उष्णतेला काही सेकंदांत वितळते. असे वागणारी वनस्पतिजन्य चरबी दुर्मीळ. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. त्यातली तीन-चतुर्थांशांहून अधिक मेदाम्ले पाल्मिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक या तीनच प्रकारची असतात, आणि बहुतेक रेणूंत ओलेइक आम्ल बरोबर मधल्या जागी बसलेले असते. इतकी एकसारखी घडण असल्याने सगळी चरबी ३२ ते ३५ अंशांच्या अरुंद पट्ट्यात एकदम वितळते. वितळताना ती जिभेची थोडी उष्णता ओढून घेते, म्हणून चांगल्या चॉकलेटचा तुकडा जिभेवर किंचित थंड लागतो.

याच एकसारखेपणामुळे एक अडचणही येते. कोको बटरचे रेणू सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी रचून बसू शकतात, आणि प्रत्येक रचनेचा वितळणबिंदू वेगळा: पहिलीचा सुमारे १७ अंश, सहावीचा ३६ अंश. चॉकलेटला हवी असते ती पाचवी, सुमारे ३४ अंशांना वितळणारी. ती आपोआप येत नाही. वितळलेले चॉकलेट आधी ४५ अंशांवर नेऊन सगळे जुने स्फटिक मोडायचे, मग ढवळत २७-२८ अंशांपर्यंत उतरवायचे, आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून कच्चे स्फटिक वितळवून पक्के तेवढे ठेवायचे. याला टेम्परिंग म्हणतात. दुधाच्या चॉकलेटला शेवटचे तापमान एक-दोन अंश कमी ठेवतात. टेम्परिंग साधलेली वडी चकाकते, साच्यातून सहज सुटते आणि मोडताना ‘टक्’ असा आवाज करते. न साधलेली वडी मऊ, मळकट राहते आणि बोटाला चिकटते.

घरात चॉकलेटवर पांढरा थर आला की बुरशी समजून ते टाकून दिले जाते. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारी पातळ झालेले चॉकलेट रात्री पुन्हा आळले की कोको बटर चुकीच्या रचनेत पृष्ठभागावर येते. बोटाने घासले की हा थर विरघळतो. दुसरा प्रकार फ्रिजमधला. थंड वडी उघड्या दमट हवेत काढली की तिच्यावर दव जमते, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर खरखरीत पांढरे कण राहतात. दोन्ही प्रकारचे चॉकलेट खाण्यास सुरक्षित असते, फक्त पोत गेलेला असतो. ते फ्रिजमध्ये ठेवायचेच असेल तर घट्ट डब्यात ठेवावे आणि डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडावा.

साखरेचे काम गोडव्यापुरते नाही. ती कोको बटरमध्ये विरघळत नाही, तिचे कण त्यात तरंगत राहतात, आणि ते जिभेला जाणवू नयेत इतके बारीक करावे लागतात. साधारण तीस मायक्रॉनच्या वरचे कण जिभेला रवाळ लागतात. म्हणून कोको मास आणि साखर पोलादी रुळांतून काढून वीस-पंचवीस मायक्रॉनपर्यंत आणतात. लहान प्रमाणावर चॉकलेट करणाऱ्यांनी याला वेगळा उपाय शोधला: इडली-डोशाचे पीठ वाटण्याचा दगडी ग्राइंडर. कोइमतूरकडच्या उत्पादकांनी त्यात थोडे बदल करून दिले, आणि आज अमेरिका-युरोपातले अनेक लहान चॉकलेटकार दक्षिण भारतातून गेलेल्या याच दगडांवर दोन-दोन दिवस कोको वाटतात.

वाटलेले मिश्रण तासन्‌तास गरम ठेवून घोटण्याच्या क्रियेला कोंचिंग म्हणतात. ती १८७९ साली बर्नमध्ये रोडोल्फ लिंट याने रूढ केली. घोटताना आंबवणीतून राहिलेले शिरक्याचे आम्ल आणि ओलावा उडून जातो, आणि प्रत्येक कणाला कोको बटरचा लेप बसतो. त्याआधीचे चॉकलेट चावून खायचे होते, लिंटनंतरचे तोंडात विरघळू लागले.

दूध हा सर्वांत उशिरा आलेला मोठा घटक, आणि त्याला उशीर होण्याचे कारण पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तर ते पातळ न होता क्षणात गोळा होऊन बसते. साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात. घरी डबल बॉयलरची वाफ भांड्यात शिरल्यावर हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. दुधात तर बहुतांश पाणीच. स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावच्या डॅनियल पीटरने बरीच वर्षे खटपट करून १८७५ साली आटवलेले दूध वापरून दुधाचे चॉकलेट तयार केले. आज बहुतेक ठिकाणी दूध पावडर वापरतात. ब्रिटिश पद्धत वेगळी आहे: दूध आणि साखर एकत्र आटवून, त्यात कोको मास घालून निर्वात भट्टीत वाळवतात. या कोरड्या मिश्रणाला क्रम्ब म्हणतात. खवा आटताना जी खरपूस चव येते तीच इथे येते, आणि भारतीय ग्राहकाला ओळखीची असलेली दुधाच्या चॉकलेटची चव या घराण्यातली आहे. दुधातली चरबी कोको बटरला मऊ करते, म्हणून दुधाचे चॉकलेट लवकर वितळते. पण तीच चरबी पांढरा थर येणे लांबवतेही.

वेष्टनावरच्या आकड्यांनी अनेकांना भीती वाटते. भारतात चॉकलेटवर नेहमी दिसणारे दोन आकडे ४४२ आणि ४७६ आहेत, तिसरा ३२२. तिन्ही इमल्सिफायर, म्हणजे मिश्रण सहज वाहते ठेवणारे पदार्थ. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. अर्ध्या टक्क्याहून कमी लेसिथिन घातले की मिश्रण इतके सैल होते, जितके एरवी त्याच्या दसपट कोको बटर घालून झाले असते. ४४२ हे अमोनियम फॉस्फेटाइड, वनस्पती तेलापासून केलेले, आणि काम तेच. ४७६ हे एरंडेलाच्या मेदाम्लांपासून तयार होते आणि चॉकलेटचा थर पातळ व सारखा बसावा म्हणून वापरतात. ठरलेल्या मर्यादेत हे पदार्थ सुरक्षित मानलेले आहेत. त्यांच्याबद्दलची खरी तक्रार आरोग्याची नव्हे, काटकसरीची आहे: त्यांच्यामुळे महाग कोको बटर कमी वापरता येते. सुवासासाठी व्हॅनिला किंवा तिचा कृत्रिम अवतार व्हॅनिलिन, आणि चिमूटभर मीठ, एवढ्यावर चॉकलेटची यादी संपते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोको मास किंवा पावडर अजिबात नसते, फक्त कोको बटर, दूध आणि साखर. ते चॉकलेट आहे ते केवळ कोको बटरमुळे.

आता पर्यायी चरबीचा प्रश्न. कोको बटर महाग, आणि सौंदर्यप्रसाधनांनाही ते हवे असते. त्याच्या जागी दोन प्रकारच्या चरब्या येतात आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रकार कोको बटरशी रचनेने जुळणाऱ्या चरब्यांचा. साल वृक्षाच्या बिया, आंब्याच्या कोयीतला गर, आफ्रिकेतला शिया, बोर्निओकडचा इलिपे आणि कोकम यांच्यातून त्या मिळतात. कोकम सरबत आणि आमसुले करून झाल्यावर रातांब्याच्या बिया उरतात. कोकणात त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेली पांढरट चरबी काढतात आणि गरम असतानाच हाताने तिचे गोळे वळतात. म्हणून तिचे नाव मुठेल. भेगाळलेल्या टाचांना आणि उललेल्या ओठांना लावायला तो गोळा घरात असतोच. या मुठेलात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची कोको बटरसारखीच मांडणी असते, फक्त स्टिअरिक जास्त. त्यामुळे ते जरा वरच्या तापमानाला, ३८-४० अंशांना वितळते. थोड्या प्रमाणात मिसळले तर चॉकलेट उष्ण हवेत अधिक टिकाव धरते. सालाच्या बिया छत्तीसगड, ओडिशा आणि झारखंडच्या जंगलांत उन्हाळ्याच्या अखेरीस आदिवासी बायका-माणसे वेचतात. त्यांची चरबीही याच कामासाठी परदेशी जाते.

युरोपातला वाद या पहिल्या प्रकारावरून होता. ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क १९७३ साली युरोपीय समुदायात आले तेव्हा त्यांच्याकडे चॉकलेटमध्ये थोडी इतर वनस्पतिजन्य चरबी घालण्याची रीत होती. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन यांना ते मान्य नव्हते. शेवटी २००० सालच्या युरोपीय निर्देशाने सहा चरब्यांची यादी केली: इलिपे, पाम तेल, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. यांपैकी मिळून पाच टक्क्यांपर्यंत घालता येते, वेष्टनावर तसे लिहावे लागते, आणि कोकोचे किमान प्रमाण कमी करता येत नाही. तरीही इटली आणि स्पेनने अशा मालाला ‘चॉकलेटचा पर्याय’ असे नाव लावण्याचा आग्रह धरला. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये तो फेटाळला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातही पाच टक्क्यांचीच मर्यादा आहे. त्याच मानकाप्रमाणे साध्या चॉकलेटमध्ये किमान ३५ टक्के कोको घटक असावे लागतात आणि त्यांत १८ टक्के कोको बटर. दुधाच्या चॉकलेटला ही अट २५ टक्क्यांची आहे. अमेरिकेत दुधाच्या चॉकलेटला दहा टक्के कोको मासही पुरतो.

दुसरा प्रकार वेगळाच आहे. पामच्या गराचे किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल कोको बटरशी जुळत नाही. दोन्ही मिसळली तर मिश्रण मऊ पडते, म्हणून कोको बटर पूर्ण काढून टाकून कोको पावडर, साखर आणि हे तेल यांची वडी करतात. तिला कंपाउंड म्हणतात. घरगुती चॉकलेटचा व्यवसाय करणारे बहुतेक जण बाजारातून हीच जाड लादी आणतात, वितळवतात, काजू-बदाम घालून साच्यात ओततात. टेम्परिंगची कटकट नाही आणि वडी उन्हातही टिकते, म्हणून ती सोयीची. पण ती तोंडात पूर्ण वितळत नाही, टाळूला मेणासारखा थर राहतो. तिला चॉकलेट म्हणून विकणे योग्य नाही.

भारतात कोको ईस्ट इंडिया कंपनीने १७९८ साली तमिळनाडूतल्या कुट्रालम येथे आणला, पण खरी लागवड १९६०-७०च्या दशकांत केरळमध्ये सुरू झाली. कॅडबरी १९४८ मध्येच मुंबईत आली होती. ठाण्यातला कॅडबरी जंक्शन हा नाका आजही तिचे नाव सांगतो. कंपनीला देशी कोको हवा होता, म्हणून वायनाडमध्ये प्रात्यक्षिक बाग उभी राहिली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाव कोसळले तेव्हा केरळात अनेकांनी झाडे तोडली. त्या काळात सुपारी उत्पादकांच्या काम्पको या सहकारी संस्थेने कोको खरेदी केला आणि १९८६ साली कर्नाटकातल्या पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना हे या पिकाच्या जागतिक इतिहासात सहसा न दिसणारे उदाहरण आहे, आणि साखर व दुधाच्या सहकाराशी परिचित महाराष्ट्राने त्याची दखल घ्यायला हवी. आज आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू ही चार राज्ये कोको पिकवतात, तोही बहुतेक नारळ, सुपारी आणि पामच्या सावलीत आंतरपीक म्हणून. एकूण उत्पादन तीस हजार टनांच्या आसपास आहे. कारखान्यांची गरज याहून कितीतरी मोठी असल्याने उरलेला कोको आयात होतो.

जगाचा निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन शेजारी देश पिकवतात. घानात हे पीक रुजवण्याचे श्रेय तेते क्वार्शी या लोहाराला दिले जाते. त्याने १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या. तिथली शेती दोन-चार हेक्टरच्या तुकड्यांची आणि कष्टाचा मोबदला अपुरा आहे. मुलांना धोकादायक कामाला लावण्याची प्रथा संपवण्याचे आश्वासन चॉकलेट उद्योगाने २००१ साली दिले. २०२० साली शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने केलेल्या पाहणीत या दोन देशांतल्या कोकोच्या कामात १५ लाखांहून अधिक बालमजूर आढळले. वीस वर्षांत आश्वासन पुरे झाले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता झाडेही थकली आहेत. पिठ्या ढेकूण पसरवतो त्या विषाणूने फांद्या सुजून झाडे मरतात, आणि सुपारीच्या कोळेरोगाच्या जवळची बुरशी फळे कुजवते. त्यात पाऊस अनियमित झाला. कोकोचा भाव अनेक वर्षे टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या घरात होता. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तो बारा हजारांच्या वर गेला. आयव्हरी कोस्ट आणि घानात शेतकऱ्याला मिळणारा दर सरकार हंगामाआधी ठरवते. त्यामुळे या तेजीचा मोठा हिस्सा पिकवणाऱ्यापर्यंत पोचला नाही. कारखानदारांनी वड्या लहान केल्या, आत बिस्किट आणि दाणे वाढवले, कोको कमी केला. ब्रिटनमध्ये २०२५ साली काही जुन्या आवडत्या बिस्किटांतले कोकोचे प्रमाण इतके घटले की त्यांच्या वेष्टनावरचा ‘चॉकलेट’ हा शब्द काढून तिथे ‘चॉकलेट फ्लेवर’ लिहावे लागले.

वेष्टनावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिली साखर असेल तर वडीत सर्वांत जास्त साखरच आहे. ‘७० टक्के’ हा आकडा कोको मास, कोको बटर आणि पावडर यांची बेरीज सांगतो, आंबवणी आणि भाजणी कशी झाली ते सांगत नाही; ते जिभेनेच ओळखावे लागते. आणि यादीत कोको बटर नसून हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते चॉकलेट नव्हे.